नाटक्याचा गुडघा

रामनगरात सकाळी उठून अमेरिकेतलं बास्केटबॉल बघणारी माणसं माझ्या माहितीत दोनच, आणि ती एकाच घरात राहतात. एक मी आणि दुसरी माझी सासू. बाकीचं गाव क्रिकेट बघतं आणि जागा मिळाली की व्हॉलीबॉलचं जाळं बांधतं. तिकडे रात्र असते तेव्हा आमच्याकडे सकाळ, त्यामुळे सामना नेमका चहाच्या वेळेला सुरू होतो. म्हणून आमच्या घरात सकाळचा चहा नवरा करतो. खताचं दुकान उघडायला जाण्याआधी तो दोघींपुढे कप आदळतो, "दोन बायका टीव्हीम्होरं आणि गडी गॅसम्होरं," असं भिंतीला ऐकवतो आणि चपला घालतो. भिंत काही बोलत नाही. आम्हीही नाही.

मी बेळगावची. कॉलेजच्या संघात होते. होते एवढंच खरं, कारण मला मैदानात फारसं कुणी उतरवलं नाही. राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून बसून मला मतं फुटली. खेळणाऱ्याला मतं करायला सवड कुठे असते? ती सगळी जबाबदारी बाकावरच्यांनाच घ्यावी लागते.

आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, या खेळाकडे वळल्या त्या गुडघ्यांमुळे. जन्मभर चिखलात भाताची लावणी केलेली बाई, दोन वर्षांपूर्वी गुडघे असे धरले की शेत बंद झालं, बाजार बंद झाला आणि खुर्ची तेवढी राहिली. खुर्चीतून मालिका बघून त्या चार दिवसांत वैतागल्या. "ह्या बायका नुसत्या हुब्या ऱ्हाऊन डोळं वटारत्यात. तुझी ती माणसं लाव. ती पळत्यात तरी." मी लावली. आठवड्याभरात त्यांची मतं माझ्या मतांपेक्षा जोरात ऐकू यायला लागली.

हिरव्या जर्सीच्या संघाबद्दल आमचं एकमत आहे. त्यांच्याकडे जुने चषक ढिगाने आहेत आणि ते कुणाला विसरू देत नाहीत. आमच्या खानापूरच्या एका पाहुण्यांच्या आजोबांनी म्हणे वाघ मारला होता, आणि ते लोक त्या वाघाच्या जोरावर अजून प्रत्येक लग्नात पहिल्या पंगतीला बसतात. हिरवे तसलेच. पिवळ्या जर्सीवाले नाव गाजलेला पण गुडघ्यातून गेलेला खेळाडू मिरवत आणतात आणि मग तो बसला की डोक्याला हात लावतात. तिसरा एक संघ अर्ध्या मैदानावरूनच चेंडू फेकतो. जगाला त्याचं मोठं कौतुक. आत्ती म्हणतात, "जवळ जायला काय लाज वाटत्या व्हय ह्यास्नी?" मी बाहेरून या संघाची बाजू घेते, पण आतून मला आत्तींचं म्हणणं पटतं. सात फुटी खेळाडू दिसला की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. "ह्याला रोजचं तांदूळ किती लागत असत्याल?"

माझा स्वतःचा संघ निळा. त्याच्याबद्दल काय बोलायचं? जिंकत आलेला सामना शेवटच्या दोन मिनिटांत कसा घालवावा, याचा वर्ग त्यांनी काढला तर देशोदेशीचे लोक प्रवेश घेतील. या संघात एक डावखुरा आहे. पायांनी वाऱ्यासारखा, आणि स्वभावाने पक्का नट. समोरच्याचा नुसता धक्का लागला की हात पसरून असा कोसळतो की पंच घाबरून शिट्टी मारतो. मग हा उठतो, कपडे झटकतो आणि फुकटचे दोन गुण घेतो. माझा जीव होता त्याच्यावर. आत्तींनी पहिल्याच दिवशी त्याला नाटक्या म्हटलं आणि तेच नाव पडलं. "ह्याला जन्माला घालून ह्येच्या आईनं काय बघितलं असंल," हे तो पडला की त्या म्हणत, म्हणजे रोज.

इकडे बेळगावच्या डॉक्टरांनी आत्तींना स्वच्छ सांगितलं होतं की दोन्ही गुडघे बदलावे लागतील, आणि जितका उशीर कराल तितकं अवघड होईल. आत्तींनी तितकंच स्वच्छ नाही म्हटलं. त्यांच्या धाकट्या बहिणीने ऑपरेशन करून घेतलं होतं, ती त्यानंतर धड चाललीच नाही. "कापल्यालं गुडघं परत येत न्हाई," एवढं बोलून त्या विषय मिटवत. नवऱ्याने समजावलं, नणंदेने रडून बघितलं. मला मात्र रोज दिसत होतं की त्यांना खुर्चीतून उठायला आता दोन्ही हात लागतात, आणि रात्री कूस बदलताना त्या तोंडात पदर धरतात. मला त्यांचा राग यायचा आणि कीव यायची, आणि दोन्ही दाखवायची चोरी.

मग शिमग्याच्या सुमाराला एका सकाळी नाटक्या पडला. आजूबाजूला कुणीही नव्हतं. धक्का नाही, काही नाही. एकटाच वळला आणि खाली गेला.

"उठंल," आत्ती म्हणाल्या. "नाटक्या हाय."

तो उठला नाही. गुडघा दोन्ही हातांनी धरून लोळत राहिला आणि शेवटी त्याला उचलून नेलं. दुसऱ्या दिवशी बातमी आली. गुडघ्यातली शीर तुटली, ऑपरेशन, वर्षभर खेळ बंद. मी ती वाचून दाखवली. आत्तींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझी जीभच काळी."

त्यांच्या मनाने ते फारच घेतलं. पंधरा दिवसांनी मला म्हणाल्या, गाडी काढ, माहेरच्या देवाला कौल लावायचाय. त्यांचं माहेर नंदिगड्ड्याच्या बाजूला, रानातलं. तिथे देवाच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूला एकेक ओली पाकळी चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मला वाटलं, स्वतःच्या गुडघ्यांचं विचारणार. मी आनंदाने गाडी काढली.

देवळाला पायऱ्या आहेत. आत्तींना चढवेना. त्या खालच्या पायरीवर बसल्या आणि गुरवाला तिथूनच हाक मारली. गुरव देवळाच्या दारात आला.

"एक पोरगा हाय," आत्ती ओरडल्या. "त्येचं गुडघं कापलंय. परत पळंल काय, इचार."

"कुणाचा पोरगा?" वरून आवाज.

"अमेरिकेचा."

"गाऱ्हाणं घालाय नाव लागतंय. गाव तरी कंचं?"

"नाव मला म्हणता येत न्हाई. देवाला ठाऊक हाय की. तू नाटक्या म्हण."

गुरवाने माझ्याकडे बघितलं. मी झाडांकडे बघितलं. शेवटी त्या भल्या माणसाने आत जाऊन, काळ्या पाषाणापुढे, कोण कुठल्या नाटक्याच्या गुडघ्यासाठी रीतसर गाऱ्हाणं घातलं. पाकळी बराच वेळ हलली नाही. मग आतून आवाज आला, "उजवा." आत्तींनी खालूनच हात जोडले.

गुरव पुन्हा दारात आला. "आक्का, आता तुझ्या गुडघ्याचं बी इचारू काय?"

आत्तींना ऐकू आलं नाही. त्यांचे कान उत्तम आहेत. त्या मला म्हणाल्या, "चल, ऊन व्हायलंय." तेव्हा मला कळलं की ही बाई हट्टी नाही, घाबरलेली आहे. माझा सगळा राग तिथेच उतरला.

परतताना गणेशगुडीला नदी दिसली तेव्हा त्या म्हणाल्या, "देवानं सांगिटलंय खरं, डोळ्यानं बघितलं पायजे. तो परत खेळला तर मला बेळगावला न्हे." मी त्यांना सांगितलं की त्याचं ऑपरेशन वेगळं आणि तुमचं वेगळं, त्याचा गुडघा बदललेला नाही. त्या म्हणाल्या, गुडघा तो गुडघा. अशा रीतीने आमच्या घरातली सर्वांत मोठी गोष्ट माझ्या निळ्या संघाच्या हातात गेली. घातकी संघ, वर सांगितलंच आहे.

वर्षभर आम्ही त्याच्याविना सामने बघितले. संघ हरत होता आणि आत्तींची पावलं आखूड होत होती. मग एका सकाळी, आंब्याला मोहर होता तेव्हा, तो मैदानात उतरला. गुडघ्याला काळी पट्टी. मी टाळ्या पिटल्या.

पहिला चेंडू त्याने बाहेर घालवला. दुसरा बास्केटच्या कड्यालाही लागला नाही. तिसरा प्रतिस्पर्ध्याच्या हातात नेऊन दिला. वर्षभर आराम करून माणूस खेळ विसरून आला होता. मी बाकावरची सगळी मतं एकदम बाहेर काढली आणि त्यात त्याच्या आईलाही सोडलं नाही. आत्ती मात्र पुढे वाकून फक्त त्याच्या पायांकडे बघत होत्या.

मग बास्केटखाली तो पडला. धक्का खरा होता, मोठा होता. मी उभी राहिले. आत्तींनी खुर्चीचा हात घट्ट धरला. तो क्षणभर पडून राहिला. सोबत्याने हात पुढे केला, त्याने तो घेतला नाही. पाय पोटाशी घेतले आणि उठला.

"परत दाखिव," आत्ती म्हणाल्या.

मी मागे नेऊन दाखवलं. "आणिक एकदा." पुन्हा दाखवलं.

"हात टेकला न्हाई बघ," त्या म्हणाल्या.

सामना आम्ही हरलो, दणकून. मी चिडून टीव्ही बंद करायला गेले, तर त्या म्हणाल्या, "हरू दे की. डॉक्टराला फोन लाव."

"एवढ्यात दवाखाना उघडला नसेल, आत्ती."

"वाजू दे."

मी लावला. रिंग जात होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, या बाईच्या तोंडून स्वतःच्या दुखण्याची कुरकूर मी कधी ऐकली नव्हती. त्या टीव्हीकडे बघतच म्हणाल्या, "मला लई भ्या वाटालंय, पोरी."

तेवढ्यात तिकडून कुणीतरी हॅलो म्हणालं. आत्तींनी फोन माझ्या हातातून घेतला. स्वतःचं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, गाव सांगितलं, आणि म्हणाल्या, "गुडघं माझं हायत."