कौतिकनानाची कमान

चार दिवसांपासून पुष्पाबाईंना एकच घोर लागला होता. साचा काढतील तेव्हा कौतिकनाना खरोखरच कमानीखाली बसणार? आणि कमान खाली आली तर?

मेहरूणमधल्या त्यांच्या घराच्या भिंती एकोणऐंशीच्या दिवाळीतच उभ्या राहिल्या होत्या. पण सिमेंटचं परमिट काही मिळेना, अन् स्लॅबवाचून घर उघडंच. पती रतिलाल नोकरीपायी धुळ्याला, आणि दोन लहान पोरांना घेऊन पुष्पाबाई भाड्याच्या खोलीत. चैत्रात शेजाऱ्यांनी शिंदखेड्याच्या कौतिकनानांना बोलावून आणलं. पासष्टीचा, पाठीत वाकलेला गवंडी. भिंतींवरून नजर फिरवून म्हणाले, "सिमिट कसाले, ताई? भंगारमधला जुना रूळ लई या. बाकी बठ्ठं मी देखस."

दारात चुन्याची घाणी लागली. बैल गोल फिरे आणि दगडी चाकाखाली चुना, वाळू, विटांचा भुगा लोण्यासारखा मळून निघे. नाना त्यात गुळाचं आणि बेलफळाचं पाणी ओतत. स्लॅबऐवजी भिंतींवर आडवे रूळ टाकून पाच कमानींचं छत करायचं होतं: या रुळापासून त्या रुळापर्यंत लाकडी साचा, त्यावर उभ्या विटांची उथळ कमान. ही विद्या बापाची. तो भुसावळला रेल्वेच्या चाळी बांधायचा.

त्याच बापाचा पाय पुढे शिरपूरला कमानीखाली चेचला, हे सुपडू मजुराने सांगितलं. मालकाकडे लग्न होतं, म्हणून साचा आठ दिवस आधी काढला. आणि साचा काढताना बांधणाऱ्यानेच खाली बसायचं, ही त्यांच्या घरातली रीत.

सकाळीच रतिलालचं पत्र आलं होतं. तीस पोत्यांचं परमिट मंजूर; म्हाताऱ्याला थांबव, मी परवा पोती उचलतो.

"नाना, राहू द्या. सिमेंट येतंय आता."

"येऊ दे. आज कमानले अठ्ठावीस दिन हुई ग्यात." नानांनी गोणपाट अंथरलं आणि कमानीच्या बरोबर मधोमध मांडी घातली.

"नाना, तंबाखूनी पुडी तरी आमले दीसन जा!" सुपडू ओरडला.

"मी मरनू तरी तुले भेटाव नही. ठोक पाचर!"

पाचरी निघाल्या. साचा वीतभर खाली सरकला. नानांच्या टोपीवर थोडा चुना सांडला, आणि वरून 'कट्' असा बारीक आवाज आला. पुष्पाबाईंनी धाकटीला पोटाशी घट्ट धरलं. पण विटा जागच्या जागी होत्या. खाली लाकूड नाही, आत लोखंड नाही. नुसत्या एकमेकींना रेटून अधांतरी उभ्या. नानांनी चार गडी वर चढवून उड्या मारायला लावल्या, आणि स्वतः खाली बसून निवांत तंबाखू मळत राहिले.

पुष्पाबाई कधी आत गेल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. वर बघता बघता मान भरून आली.

"उरेल चारबी अशाच करू ना?" नानांनी विचारलं.

"अशाच," त्या म्हणाल्या.

मग दोन्ही पोरांना घेऊन त्या तशाच उन्हात पोस्टाकडे निघाल्या. धुळ्याला फोन लावायचा होता. रतिलाल रागावतील, रागावू देत. पोती उचलू नका, हे आजच सांगायला हवं.