खाडाखोडीचा अर्ज

यवतमाळच्या बसस्थानकामागच्या गल्लीत ‘परवाना फोटो स्टुडिओ’ आहे. रहेमानच्या अब्बांना शेरोशायरीचं भारी वेड. दिव्यावर झेप घेणाऱ्या पतंगाचं उर्दू नाव त्यांनी हौसेनं दुकानाला दिलं. पण बाजाराला आलेल्या माणसाला शायरीशी काय घेणं? कुणी बंदुकीचा परवाना मागायला येई, कुणी दुकानाचा. अब्बा त्याला बसवून चहा पाजत आणि सांगत, “परवाना कचेरीत भेटते बाप्पा. त्याले लागते तो फोटो इथं भेटते.” निम्मा धंदा या घोटाळ्यावरच चालला, असं रहेमानची बायको गुलनार आजही सांगते.

दुकानासोबत अब्बांचं वळणदार अक्षरही रहेमानकडे आलं, आणि कागद स्वच्छ ठेवायची खोडही. खाडाखोड केलेला अर्ज साहेबापुढे ठेवणं म्हणजे मळक्या सदऱ्यानं लग्नाला जाणं, असं तो म्हणे.

चार वर्षांपूर्वी त्यानं ड्रोन घेतला. गावातले बाकीचे फोटोवाले ड्रोन घेत नि उडवत. रहेमाननं आधी नियम वाचून काढले. गाडीला असतो तसा ड्रोनला नंबर घेतला, नागपूरला राहून उडवायचं शिकला, प्रमाणपत्र काचेत मढवून भिंतीवर लावलं. सरकारी नकाशात कुठली जागा लाल, कुठली पिवळी, कुठली हिरवी, हे त्याला पाठ झालं. लाल जागी उडवायचं नाही, पिवळ्या जागी आधी विचारायचं, आणि हिरव्या जागीसुद्धा चारशे फुटांच्या वर जायचं नाही. एवढं करून पुन्हा दर लग्नाला पोलीस ठाण्यात एक अर्ज, आणि अर्जाची प्रत फायलीत. पेपरात ड्रोनबंदीचा आदेश आला की त्याचं कात्रण गल्ल्याशेजारी चिकटे. शेजारच्या चौकातला बबलू फोटोवाला त्याला ‘परवानासाहेब’ म्हणून चिडवी, आणि रहेमान अर्जाच्या उत्तराची वाट पाहत असताना त्याची लग्नं खुशाल घेऊन जाई.

“त्यांचं चालून जाते, आपलं नाही चालत,” एवढंच तो गुलनारला म्हणाला होता. तिनं का म्हणून विचारलं नाही. तिला माहीत होतं.

किसनराव आणि मैनाबाई यांच्या घराशी त्याची ओळख झाली ती त्यांच्या मुलाच्या, कपिलच्या लग्नात. शहराच्या कडेला प्लॉटांचा नवा ले-आउट पडलाय, त्यातलं शेवटचं घर त्यांचं. मागं लगेच तुरीची नि कपाशीची वावरं सुरू होतात. लग्नाआधी रहेमाननं किसनरावांना समजावून सांगितलं, की नकाशात तुमचं घर पिवळं येते, परवानगी काढावी लागन.

“पिवळं कसं येईन?” किसनराव म्हणाले. “मागच्याच महिन्यात पांढरा रंग देला ना मी.”

लग्नात ड्रोन वर गेला तेव्हा पाहुणे मांडवाबाहेर पंगतीत रंगले होते. मैनाबाई तेवढ्या बाजूला येऊन, डोळ्यांवर हात धरून वर बघत राहिल्या. ड्रोन उतरला तर त्याच्या शेजारी एका द्रोणात बुंदीचा लाडू. “सकाळपासून उडून राह्यलं बिचारं,” त्या म्हणाल्या, “खाईन काही.” रहेमाननं तो लाडू त्यांच्यासमोरच खाल्ला. त्यानंतर रस्त्यात कुठंही दिसला, की त्या आधी पाखराची खबर विचारत, मग त्याची.

पुढं त्यांना विसर पडू लागला. आधी चुलीवरचं दूध, मग सुनेचं नाव. मग मधली पन्नास वर्षं अशी गळून गेली, की मारेगावचा भाऊ, ज्याला जाऊन बारा वर्षं झाली, तो त्यांच्या लेखी अजून बिनलग्नाचा होता.

गेल्या डिसेंबरात, एका मंगळवारी अकराच्या सुमारास कपिल धापा टाकत दुकानात आला. आई सकाळी नऊपासून घरात नव्हती. भावाचं लग्न आहे म्हणून हट्टानं नवी केशरी साडी नेसली, सून अंघोळीला गेली तेवढ्यात निघून गेली. ले-आउटमधलं घर न् घर पाहून झालं होतं. वावरांत शिरली असेल, तर तूर डोक्यापेक्षा उंच वाढलेली, आत माणूस दिसेना.

“चाचा, पाखरू घेऊन चाला.”

तिन्ही बॅटऱ्या भरलेल्या होत्या. बॅग खांद्याला लावता लावता रहेमानची नजर गल्ल्याशेजारच्या कात्रणावर गेली. शहरात कुणी मोठे पाहुणे येणार होते आणि चार दिवस ड्रोन उडवायला सक्त मनाई होती. तो दुसरा दिवस होता.

“तू वावराकडं हो,” तो म्हणाला. “मी अर्ध्या घंट्यात परवानगी घेऊन आलो.”

कपिल म्हणाला, चाचा, आधी उडवू, मग पाहू. रहेमाननं मान हलवली आणि ठाण्याकडं गाडी वळवली.

ठाण्यात साहेब आतच होते, आवाज बाहेर येत होता. रहेमाननं बाकावर बसून अर्ज लिहायला घेतला. नाव, ड्रोनचा नंबर, ठिकाण. ‘उड्डाणाचा उद्देश’ इथं पेन आला आणि चार वर्षांच्या सवयीनं हातानं आपोआप लिहून टाकलं, ‘विवाह समारंभाचे चित्रीकरण’. लक्षात आलं तेव्हा त्यानं ओळ खोडली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘हरवलेल्या वृद्ध महिलेचा शोध’. मग कागदाकडं पाहिलं. तो कागद साहेबांपुढं न्यायला त्याचं मन घेईना. दुसरा कोरा कागद काढून त्यानं पहिल्यापासून लिहायला सुरुवात केली.

सही केली तेव्हा दारात जीप सुरू झाली होती. साहेब बंदोबस्ताला निघाले होते. रहेमान अर्ज उंच धरून फाटकापर्यंत धावला. हवालदार म्हणाले, तासाभरात येतील, बसा.

साहेब दीड वाजता आले. अर्ज त्यांनी हातातसुद्धा घेतला नाही. रहेमानचं बोलणं अर्ध्यावर असतानाच म्हणाले, “बाई हरवली आहे ना? मग इथं बसलात कशाला? उडवायचा आणि मला फोन करायचा. जा लवकर, बंदोबस्तातल्या लोकांना मी सांगतो.”

ड्रोन वर गेल्यापासून नवव्या मिनिटाला पडद्यावर केशरी रंग दिसला. घरापासून दोन वावरं पलीकडं, तुरीच्या दोन ओळींच्या मधोमध. मैनाबाई उताण्या पडल्या होत्या. चेहरा वर होता, लग्नात होता तसाच.

कपिल नि वावरातले गडी पळत गेले. रहेमान बांधावर उभा राहून वरून त्यांना वाट सांगत होता, डावीकडं, अजून डावीकडं. मग सगळे एका जागी खाली वाकले आणि कुणी उठेना, तेव्हा त्यानं ड्रोन खाली घेतला.

दवाखान्यात डॉक्टरांनी कपिलला जे सांगितलं ते रहेमाननं मागं उभं राहून ऐकलं. हृदय बंद पडलं होतं, आणि सापडल्या तेव्हा त्याला फार तर तास झाला असावा. रहेमाननं हिशेब केला नाही. तो आपोआपच झाला.

दुकान आठ दिवस बंद राहिलं. गुलनारनं जेवायला वाढलं की जेवे, काही विचारलं की हो म्हणे. लोक म्हणाले, रहेमानमुळं निदान सापडली तरी. हे ऐकलं की तो उठून जाई.

तेरवीच्या आदल्या दिवशी किसनराव दुकानात आले. फोटो हवा होता. घरात एकच होता, रेशनकार्डासाठी काढलेला, त्यात तिचे डोळे मिटलेले. रहेमाननं लग्नाचं चित्रण लावलं. वरून मांडवाबाहेरची नुसती डोकी दिसत होती, टोप्या, फेटे, गजरे. आणि सगळ्यांत एकच चेहरा. तो मोठा करून त्यानं छापला. जरासा पुसट आला. किसनराव बराच वेळ बघत राहिले.

मग रहेमाननं सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला तो पहिला कागद काढून काउंटरवर ठेवला आणि सगळं सांगितलं. साहेब आतच होते. हाच कागद घेऊन गेलो असतो तर साडेअकरालाच उडवला असता. कागद स्वच्छ पाहिजे होता, काका, म्हणून बसलो.

किसनरावांनी चष्मा लावला. एकेका शब्दावर बोट ठेवत त्यांनी अर्ज वाचला. खोडलेल्या ओळीपाशी बोट थांबलं.

“हे खोडलं काहून?” ते म्हणाले. “लग्नालेच तं चालली होती थे.”

चार शिव्या मिळाल्या असत्या तर रहेमाननं खाली मान घालून घेतल्या असत्या. किसनरावांनी अर्जाची घडी केली, फोटोसोबत पिशवीत ठेवली आणि “उद्या जेवाले ये, गुलनारलेबी आण,” म्हणून पायऱ्या उतरले.

रहेमान अजून ड्रोन उडवतो, अजून अर्ज करतो. फक्त आता अर्ज गुलनार लिहिते. तिचं मराठी अक्षर किरटं, वेलांट्या चुकतात, एका पानात तीनदा खोडते. तो तसाच नेऊन देतो.