आधार संपलेल्या संगणकावरचे धवळे

आमच्या वाचनालयात तीन संगणक आहेत. त्यातला एक चालायचा, एक कधीकधी चालायचा आणि तिसऱ्यावर आम्ही दैनिकं ठेवतो. गाव मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. मी इथली ग्रंथपाल. ‘संगणकाचं ज्ञान आवश्यक’ असं नेमणुकीच्या वेळी लिहिलेलं होतं आणि ते माझ्याकडे होतं, म्हणजे अडला की बंद करून पुन्हा चालू करायचं हे मला येत होतं. बरीच वर्षं तेवढ्यावर भागलं.

चालणारा संगणक खरं तर गुरुजींचाच होता. गुरुजींनी मला चौथीत शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी आजूबाजूच्या वाड्यांमध्ये फिरून धवळे गोळा केले. धवळे म्हणजे लग्नाच्या एकेका विधीला बायका म्हणतात ती गाणी. सहा वर्षं दर सकाळी दहाला गुरुजी यायचे, खुर्चीवर स्वतःचा उशीचा अभ्रा टाकायचे आणि दोन बोटांनी ती गाणी टाइप करायचे. मुरबाडचा एक छापखाना बंद झाला तेव्हा तिथल्या मालकाने त्यांना मराठी अक्षरांची एक सीडी दिली होती. त्या अक्षरांवर गुरुजींचा फार जीव. “वळण बघ,” म्हणायचे, “फळ्यावर मी काढतो तसं.”

एके सकाळी पडद्यावर निळी पाटी आली. गुरुजींनी मला हाक मारली. मी वाचलं आणि मराठीत सांगितलं, “गुरुजी, ही विंडोज दहा आहे ना, हिचा आधार ऑक्टोबरात संपणार.”

गुरुजींनी चष्मा काढला. “आधार? अगं, मग लिंक करायचं राहिलं असेल. माझा घरी पडलाय, आणू का?”

तो आधार नव्हे हे समजावण्यात अर्धा तास गेला. कंपनी आता ह्या संगणकाकडे लक्ष देणार नाही, डागडुजी पाठवणार नाही, व्हायरस शिरला तर आपलं आपण बघायचं, असं मी सांगितलं. गुरुजी म्हणाले, “म्हणजे पेन्शन बंद. पण माणूस पेन्शन बंद झाल्यावर मरत नाही लगेच.” तरी दुसऱ्या दिवसापासून ते भराभरा टाइप करू लागले. ठरलेल्या तारखेला यंत्र आपोआप विझेल अशी त्यांची मनोमन खात्री होती.

मी नवी विंडोज घालून बघितली. संगणकाने ती घेतली नाही. माझा चेहरा बघून गुरुजी म्हणाले, “डॉक्टरकडे ने.”

डॉक्टर शहापूरला. स्टँडच्या मागच्या गल्लीत एका बाईंचं दुरुस्तीचं दुकान आहे, त्यांचं नाव आमच्या सगळ्या शाळांमध्ये झालेलं. मी संगणकाचा डबा जुन्या चादरीत बांधला, धसईहून मुरबाड आणि तिथून किन्हवलीमार्गे शहापूरची एसटी धरली. डबा मांडीवर. कंडक्टरने चादरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“लहान हाय का आजारी?”

“संगणक आहे.”

“मग त्याला सवलत नाय. बाईमानसाला हाय.” असं म्हणून त्याने मला माझं तेवढं तिकीट दिलं आणि पुढे गेला. शेजारच्या बाई सरळगावपर्यंत चादरीचं टोक सावरून धरत होत्या, त्याला वारा लागू नये म्हणून.

दुकानातल्या ताई पस्तिशीच्या. पूर्वी मुंबईत कुठल्याशा ऑफिसात हेच काम करायच्या, आसनगावहून जा-ये करून कंटाळल्या आणि इथेच दुकान टाकलं. त्यांनी डबा उघडला, धूळ फुंकली, आतून एक वाळकी पाल काढून कागदावर ठेवली आणि म्हणाल्या, “तबियत मस्त आहे हो याची. फक्त नवी विंडोज याला उभा नाय करणार. सपोर्ट खतम म्हणून कोण भंगारात टाकतं का? विंडोजच्या जागी लिनक्स टाकू. फुकट आहे, हलकं आहे, दहा वर्षं पळेल. जुनं सगळं पुसावं लागेल. त्याच्या आधी काय काय ठेवू?”

मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, “गुरुजींच्या फायली तेवढ्या जपा. बाकी एक कण नको.”

हे वाक्य मला पुढे अनेकदा आठवलं.

चार दिवसांनी संगणक परत आला आणि काय पळायला लागला! आधी तो सुरू होईपर्यंत मी झाडलोट आटपायचे. आता झाडू हातात घेईपर्यंत तयार. गुरुजी खुश. अभ्रा टाकला, बसले, फाइल उघडली आणि चष्मा पुसून पुन्हा लावला.

मी जाऊन बघितलं. धवळ्यांच्या जागी इंग्रजी मुळाक्षरं, मधे टिंबं, उद्गारचिन्हं, परदेशी चलनांच्या खुणा, एक उलटं प्रश्नचिन्ह. पानामागून पान तसंच.

“इतक्या शिव्या,” गुरुजी हळूच म्हणाले, “मला अख्ख्या नोकरीत कुणी दिल्या नव्हत्या.”

मी शहापूरला फोन लावला. ताईंनी विचारलं, “कुठल्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं? तो फॉन्ट वेगळा ठेवायचा असतो ताई. तुमी तर बोललात एक कण नको.” जुन्या पद्धतीच्या अक्षरांत असंच असतं, त्यांनी सांगितलं. आत खरं इंग्रजीच असतं, वरून मराठीचा मुखवटा. मुखवटा पुसला गेला. छापखान्याची सीडी? ती गुरुजींनी काकडीच्या वेलावर पाखरं हाकायला टांगली होती, दोन पावसाळ्यांपूर्वी. ती काढून आणली. थर उडून तिच्यातून आरपार दिसत होतं.

“आणि वह्या?” मी विचारलं. “हातानं लिहून घेतलेल्या?”

गुरुजींनी छताकडे बघितलं. वह्या काकूंनी रद्दीत दिल्या होत्या. काकू म्हणजे गुरुजींच्या मंडळी. आम्ही दोघं विचारायला गेलो तर त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “तुम्हीच म्हणालात, सगळं टाइप झालं. झालं म्हणजे झालं असं मी समजले. चूक झाली माझी, शिक्षकाच्या बोलण्यावर विश्वास ठेवला.”

ताईंनी मात्र हार मानली नाही. त्यांनी कुठला तरी रूपांतर करणारा प्रोग्राम चालवून सगळी पानं पुन्हा मराठीत आणली आणि पाठवली. मराठी होती, पण पडून उठल्यासारखी. वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेल्या. ‘पिवळी’ची ‘पविळी’, ‘मिरवणूक’ची ‘मरिवणूक’. काने गळालेले, त्यामुळे नवरा मांडवाच्या दारी उभा राहण्याऐवजी दरीत उभा. जोडाक्षरांच्या जागी नुसते चौकोन. गुरुजींनी लाल पेन घेतलं आणि तीन पानं तपासून खाली ठेवलं. “काही ओळी मलाच आठवत नाहीत,” ते म्हणाले. “आयेकडे जावं लागेल.”

आये राहते वरच्या वाडीत, गावापासून तासाभराच्या चढावर. आजूबाजूच्या पाच वाड्यांमधली लग्नं तिच्या गाण्याशिवाय लागत नाहीत. सगळे तिला आयेच म्हणतात. गुरुजींच्या बहुतेक ओळी तिच्याच तोंडून आलेल्या. आम्ही छापील पानं घेऊन गेलो तेव्हा ती ओट्यावर वाल सोलत होती. गुरुजींनी सगळी हकीकत सांगितली. तिने ऐकून घेतली, संगणक मेला एवढंच तिला कळलं आणि तिने “अरेरे” केलं. मग गुरुजींनी तपासलेलं एक पान काढून, घसा साफ करून वाचलं:

“हळद कुटता कुटता उखळ भिजून गेले, हळदीच्या रंगाने मांडव पिवळा झाला.”

आये म्हणाली, “ये कोनाचं?”

“तुझंच की गो!”

“माजं नाय ते. मी असं बोलतंच नाय. ये शालंतलं हाय.”

गुरुजींनी पान खाली घेतलं. मला त्यांच्याकडे बघवेना. चाळीस वर्षं त्यांनी आमच्या वहीतला प्रत्येक ‘हलद’ खोडून ‘हळद’ केला होता, ‘नाय’वर फुली मारून ‘नाही’ लिहिलं होतं. गाणी उतरवून घेताना हात आपोआप तसाच चालला असणार. त्यांना त्यात काही केल्यासारखं वाटलंही नसेल.

“मग तू म्हण,” ते शेवटी म्हणाले. “तुझं तू म्हण. आम्ही घेतो.”

“आता? लगीन कोनाचं हाय?”

“लग्न नाही. नुसतं म्हणायचं.”

“लगीन नाय त धवला कसा येल? समोर नवरा पायजे, नवरी पायजे, हलद पायजे. नुसतं बोलून काय, ते काय पाडं हाय शालंचं?”

लग्नसराई उन्हाळ्यात, अजून चार महिने होते. तुळशीचं लग्नही नुकतंच लागून गेलेलं. मी म्हटलं, समज नवरा-नवरी आहेत. आयेने माझ्याकडे असं बघितलं की मी वाल सोलायला घेतले. मग आयेने गुरुजींना विचारलं, “घरवाली हाय ना तुजी?”

“आहे.”

“घेऊन ये तिला.”

काकू येणार नाहीत अशी मी पैज लावायला तयार होते. त्यांचे गुडघे दुखतात. गुरुजींनी दारातूनच, चपला न काढता, घाईघाईने सांगितलं, आयेपुढे नवरा-नवरी म्हणून बसायचंय. काकूंनी शांतपणे विचारलं, “कधी?” मग कपाटातून हिरवी साडी काढली. म्हणाल्या, “आमच्या लग्नात माझ्या सासऱ्यांनी गाणी लावू दिली नव्हती. शिकलेल्यांचं घर म्हणून. भटजी आले, अर्ध्या तासात गेले. मी तेव्हापासून वाट बघतेय.”

गुरुजी चपला घालूनच घरात शिरले आणि खुर्चीवर बसले.

ठरल्या दिवशी काकूंना वाडीतल्या एका मोटारसायकलवर बसवून चढ पार केला. वर बघते तर अंगणात चार खांब, त्यावर जांभळीच्या फांद्या, शेणाने ताजं सारवलेलं, दोन पाट. वाडीतल्या पंधरा-वीस बायका कामं टाकून जमलेल्या. गंमत बघायलाच आलेल्या, पण डोक्यात फुलं माळून. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं आणि एका खांबाला टेकून बसले.

गुरुजी खिशात वही आणि लाल पेन घेऊन आले होते. पाटावर बसल्याबरोबर त्यांनी ती काढली. आयेने काढून घेतली आणि माझ्याकडे फेकली. “नवरा लिवतं काय? गप बस. नवऱ्यानं बोलाचं पन नाय.”

मग ती गायला लागली. एक ओळ ती म्हणे, मागून सगळ्या बायका उचलत.

“हलद कुटतां कुटतां उखल भिजून गेला गो, उखलीच्या घामाखाली मांडव पिवला झाला.”

घाम! गुरुजींच्या प्रतीत तो घाम नव्हताच, रंग होता. मी त्यांच्याकडे बघितलं. तोंड उघडलं होतं त्यांनी, बोट वर केलं होतं, आणि तेवढ्यात एका बाईने त्यांच्या दोन्ही गालांना हळद फासली. मग कपाळाला, मग कानांना. शहात्तर वर्षांचा माणूस, डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, वर्गात शिक्षा झाल्यासारखा बसलेला. काकू मात्र सरळ बसल्या होत्या. हळद लावायला त्यांनी स्वतःच हात पुढे केले. नवऱ्याची खोड काढणारा एक धवळा आला, तुझ्या नवऱ्याला नाकी शेंबूड, असा काहीसा, तेव्हा त्या इतक्या हसल्या की पाट सोडून खाली बसावं लागलं. पुढे मुलीच्या पाठवणीचा आला. बायका हळू आवाजात म्हणत होत्या. काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही. गुरुजींनी नियम मोडला, तोंडातल्या तोंडात विचारलं, “काय झालं?” काकू म्हणाल्या, “काही नाही. आई आठवली.”

दुपारची नाचणीची भाकर आणि ठेचा खाऊन आम्ही उतरलो तेव्हा मोबाइलमध्ये जवळजवळ चार तासांची गाणी होती. त्यातली निम्मी गुरुजींच्या जुन्या फायलीत नव्हतीच. आयेला विचारलं, मागच्या वेळी ही का नाही सांगितलीस? ती म्हणाली, “तवा त्यानं फकस्त इचारलं. आता लगीन लागलं ना.”

दुसऱ्या दिवसापासून वाचनालयात टाइप करायला बसलो. ह्या वेळी नव्या पद्धतीच्या अक्षरांत. ती कुठल्याही संगणकावर मराठीच दिसतात, ताईंनी फोनवर तीनदा शपथ घेऊन सांगितलं होतं. मी ऐकून टाइप करत होते, गुरुजी शेजारी. कानामागची हळद अजून निघाली नव्हती. मी ‘हलद’ लिहिलं. लगेच त्याखाली लाल नागमोडी रेघ आली. ‘पिवला’, रेघ. ‘पायजे’, रेघ. पान बघता बघता लाल झालं. मला वाटलं आता गुरुजी म्हणणार, बघ, यंत्रही माझ्या बाजूचं आहे. ते पडद्याजवळ वाकले. अगदी त्यांच्याच पेनाने ओढल्यासारख्या होत्या त्या रेघा.

“ह्या बंद कशा करायच्या?” त्यांनी विचारलं.

मला येत नव्हतं. बंद करून पुन्हा चालू केल्यावरही त्या होत्याच. शेवटी ताईंनी फोनवर एकेक पायरी सांगितली आणि गुरुजींनी स्वतः, दोन बोटांनी, त्या घालवल्या.

पौषातली म्हसा गावची जत्रा होऊन गेली तेव्हा काम पुरं होत आलं होतं. अधूनमधून चालणारा दुसरा संगणकही ताईंनी ठीक करून दिलाय, त्यावर आता काकू रेकॉर्डिंग ऐकत बसतात आणि आमचं कुठे ऐकायला चुकलं ते सांगतात. पुष्कळदा बरोबर सांगतात. आणि मागच्या आठवड्यात पलीकडच्या वाडीतून दोन बायका पायी आल्या. पुस्तकं नको होती. मला म्हणाल्या, “ती लग्न लावनारी वाचनालयवाली तूच ना गो? आमच्या बापसाला नि आयसला बसवाचं हाय. गानी येतात आमच्या कडं, तू फकस्त मोबाइल घेऊन ये.”

मी गुरुजींकडे बघितलं. ते खुर्चीवरचा अभ्रा घडी करून पिशवीत घालत होते.

“मंगळवारी चालेल का विचार,” ते म्हणाले. “आणि हिलाही सांगतो. हिरवी साडी धुवायला टाकली असेल.”