ड्राइव्हवरची लाल फुली

आमच्या समाजाचं मंडळ दरवर्षी वधू-वर परिचय पुस्तक काढतं. दोनशे-सव्वादोनशे पानं. गेली आठ वर्षं त्यातला प्रत्येक फोटो, प्रत्येक जन्मवेळ आणि 'अपेक्षा : नोकरीवाला, निर्व्यसनी' ही प्रत्येक ओळ छायाताईच्या हातून गेली आहे. त्याबद्दल मेळाव्यात तिला शाल-नारळ मिळतो. अध्यक्ष माइकवरून सांगतात, छायाताईने कितीतरी लेकींचे संसार उभे केले. टाळ्या पडतात. ती शाल सावरत खाली उतरली की मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींना विचारतात, "मंग हिचं काऊन नाई जमलं?"

छायाताई अडतीस वर्षांची. त्याच पुस्तकात तिचंही पान असतं. आमच्याकडे मुलीच्या पानावर तिचा स्वतःचा नंबर छापत नाहीत. बापाचा किंवा भावाचा छापतात. तिच्या पानावर तिच्या वडिलांचा, उकंडरावांचा नंबर. मेळावा झाला की म्हातारा महिनाभर फोन चार्जिंगला लावून शेजारी बसायचा. घरात कोणाला त्यावर बोलू द्यायचा नाही. तेवढ्यात कोणाचा फोन आला आणि लाइन बिझी लागली तर? मी शेजारचा, मला हाक मारायचा, "गोविंदा, रिंग देऊन पाय बरं." मी द्यायचो. वाजायची. फोन ठणठणीत होता. असं सात वर्षं बघितल्यावर म्हाताऱ्याने एक दिवस माझ्यादेखत तिला सांगितलं, "फोनात खोट नाई. तुह्यातच असन." ती तेव्हा त्याच्या पायांना तेल लावत होती. लावत राहिली.

मी पिंपळगाव राजात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. यंदा म्हातारा पडला, मांडीचं हाड मोडलं, त्याला एकटं सोडता येईना. म्हणून छायाताईने मंडळाचं काम घरून करायचं ठरवलं. घर वरच्या मजल्यावर, मंडळाचं ऑफिस खाली. सगळं पुस्तक ऑफिसातल्या एका डिस्कवर होतं. मी तिथून केबल वर नेली आणि ती डिस्क तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर ड्राइव्ह म्हणून दिसेल अशी जोडून दिली. सोपं काम.

आठ दिवसांत तिचा फोन. "भाऊ, ड्राइव्ह सारखा तुटून राह्यला. लाल फुली येते."

मी गेलो. उंदराने केबल कुरतडली असेल म्हणून नवी टाकली. पुन्हा फुली. कॉम्प्युटर वीज वाचवायला नेटवर्क झोपवतो, ते बंद केलं. डिस्कला कायमचा पत्ता देऊन टाकला. राउटरसुद्धा बदलला. तरी फुली. तिसऱ्या खेपेला मी वैतागलो. खाली मंडळाची बैठक चालू होती. छायाताईचा भाऊ ज्ञानेश्वर मंडळाचा सचिव. त्याने विचारलं, "काय बिघाड हाय बे?" आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बिघाड मशीनमधी नाई, चालवणाऱ्यात हाय." सगळे खो-खो हसले. ज्ञानेश्वर सगळ्यात जास्त हसला. छायाताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. हे वाक्य आठवलं की आजही माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तिने एक वही केली. ड्राइव्ह कधी तुटला, कधी परत आला, सगळं लिहून ठेवलं. पंधरा दिवसांची वही माझ्यापुढे ठेवली. रोज अकराच्या आसपास, दहा-पंधरा मिनिटं. रविवारी कधीच नाही. मी म्हणालो, "ताई, मशीनले रविवार नाई समजत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या कॉम्प्युटरपुढेच बसलो. अकरा वाजून पाच मिनिटांनी फुली आली. मी चप्पल न घालता जिना उतरलो. ऑफिसात ज्ञानेश्वर एकटाच. वर जाणारी केबल काढून बाजूला ठेवलेली, आणि तो कॉम्प्युटरवर टाइप करत होता.

मला बघून म्हणाला, "धूळ झाली होती, पुसून राह्यलो." मी केबल लावली आणि वर आलो. छायाताईने पुस्तकाची फाइल उघडायला घेतली, तर पाटी आली : ही फाइल ज्ञानेश्वर वापरत आहे, फक्त वाचता येईल.

एकाने फाइल उघडली की दुसऱ्याला तिच्यात बदल करता येत नाही. ती दिवसभर उघडून बसायची, म्हणून तो केबल काढायचा. ड्राइव्ह परत आला की ती आपली प्रत वरून सेव्ह करायची आणि त्याने केलेला बदल पुसला जायचा. म्हणून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायचा. रविवारी तेवढं ऑफिस बंद. आधीच्या वर्षांत ही कटकट नव्हती. छापखान्यात खामगावला फाइल तोच घेऊन जायचा. यंदा ती इथूनच मेलने जाणार होती.

तिच्या पेनड्राइव्हवर आदल्या दिवशीची प्रत होती. मी दोन्ही फाइली शेजारी लावून कॉम्प्युटरला फरक शोधायला सांगितलं. दोनशे बारा पानांत एकच फरक निघाला. पान एकशे चौऱ्याऐंशी. उकंडरावांच्या नंबरातला शेवटचा आकडा सात होता, त्याचा एक झालेला.

छायाताईने कपाटातून सातही जुनी पुस्तकं काढली. स्वतःचं पान तिने छापून आल्यावर कधी उघडलंच नव्हतं. लाज वाटायची म्हणाली. सातही पुस्तकांत नंबराच्या शेवटी एक.

कारण मला विचारू नका, घर बघा. भावजय काजल सकाळी आठला नोकरीवर जाते. दोन्ही लेकरं छायाताईने वाढवली. मोडक्या मांडीचा म्हातारा तिच्या हातात. ही बाई लग्न करून गेली असती तर ज्ञानेश्वरच्या घरी चूल कोणी पेटवली असती? इतक्या स्वस्तात एवढं काम करणारं माणूस कोणी हातचं सोडतं का?

"खाली चाल," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता चारचौघांत इचारू त्याले."

तिने ऐकलं नाही. स्वतःच्या फोनवरून पुस्तकातला तो चुकीचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. कोणी वयस्कर माणूस बोलला.

"तुमच्या नंबरवर कधी लग्नासाठी फोन येत होते का?" तिने विचारलं.

"येत होते ना माय! कोणत्या पुस्तकात छापला होता म्हणे. पयल्या वर्षी तर तीस-चाळीस आले. एक मास्तर होता जळगाव जामोदचा, त्यानं तीनदा लावला. पोरगी पसंत हाय, बापाशी बोलू द्या म्हणे. आता मी कुठून आणू बाप?"

"नाव काय होतं त्याचं?"

"ते कसं ध्यानात राहीन आता. मंग कमी-कमी होत गेले. मांगच्या वर्षी एकच आला. तुम्ही त्या पोरीच्या कोण?"

"बहीण," छायाताई म्हणाली.

"मंग झालं का तिचं लग्न?"

"हाव. झालं. दोन लेकरं हायेत."

"लय चांगलं झालं!" फोनवरचा म्हातारा खरोखर खूश झाला. "माही बायको रोज म्हणे, कोणाच्या तरी लेकीचं नशीब आपल्या घरी वाजून राह्यलं अन् आपण उचलून ठेवून देतो. तिले सांगतो आता. तिचा जीव हलका होईन."

"सांगा," छायाताई म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.