ढगाखालचं बंदर

जहाजाच्या सहली विकणाऱ्या त्या कचेरीत सगळे त्यांना छत्रीकाकू म्हणत. गरम बेटांची सहल घेतलेला माणूस निघायच्या आठवडाभर आधी मोबाइलवर हवामान उघडायचा, रोजच्या चौकटीत काळा ढग आणि त्याखाली थेंब दिसले की त्याचं धाबं दणाणायचं, आणि तो फोन करायचा. असे सगळे फोन काकूंच्या टेबलावर वळवले जात. बाकीच्यांनी तिकिटं विकायची, आणि विकलेलं तिकीट परत येऊ द्यायचं नाही ते काकूंनी.

"मॅडम, सगळे दिवस पाऊस दाखवतोय. आम्ही काय जहाजावर पत्ते कुटत बसायचं?"

"तो ढग अख्ख्या दिवसाचा नसतो हो. तिकडे दुपारी एक सर येते आणि अंग वाळायच्या आत ऊन पडतं. दिवसात कुठेतरी जरासं शिंपडलं तरी मोबाइल दिवसभराला ढग चिकटवून मोकळा होतो."

"पण साठ टक्के लिहिलंय."

"म्हणजे साठ टक्के वेळ भिजाल असं नाही. त्या भागात एखादी सर येण्याची शक्यता तेवढी. ढग बघू नका, वारा बघा. आणि जहाज म्हणजे एका जागी रुतलेलं हॉटेल नव्हे. वाईट हवा दिसली की कप्तान वाट बदलतो."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त शेवटच्या वाक्याला एक शेपूट होतं आणि ते काकू कुणी विचारलं तरच दाखवायच्या. वाट बदलली की एखादं बंदर गळतं. गळतं हा कचेरीतला शब्द. छापील कार्यक्रमात बेटाच्या नावाच्या जागी 'दिवसभर समुद्रात' असं येतं आणि त्यावर तक्रार चालत नाही. कुणी खोदून विचारलंच तर काकू हसून म्हणायच्या, "एक बेट गेलं तर गेलं. सगळी बेटं सारखीच, वाळू आणि नारळ."

एवढं सांगणाऱ्या काकूंनी स्वतः जहाजावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

काकूंचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. आयुष्यभर लोकांना वर चढवलं आणि स्वतः राहिले तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. लिफ्टच्या विहिरीतली धूळ आणि तेलाची वाफ छातीत साठत गेली, आणि निवृत्तीनंतर फुप्फुसांनी हात वर केले. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ते थांबायचे. दम लागलाय हे वरून उतरणाऱ्या शेजाऱ्यांना कळू नये म्हणून कठड्याचे स्क्रू तपासल्यासारखं करायचे. शेजारीही शहाणे. "काका, घट्ट आहेत ना?" असं विचारून पुढे जायचे.

त्यांची एकुलती एक मुलगी दूरच्या एका बेटावर, हॉटेलच्या धुलाईघरात मुकादम होती. तिकडेच लग्न केलं, तिकडेच मुलगी झाली. कामाचा परवाना नव्याने मिळेपर्यंत बेट सोडलं तर परत घेणार नव्हते, आणि तो परवाना वर्षानुवर्षं 'लवकरच' मिळणार होता. त्यामुळे चार वर्षांची नात आजी-आजोबांना फक्त मोबाइलवर ओळखत होती. एकदा तिने आजोबांचा चेहरा नीट निरखून विचारलं, "आजोबा, तुम्हाला पाय आहेत का?"

काकूंना हसू आवरेना. यजमान मात्र मोबाइल खाली नेऊन पाय दाखवायला गेले, तोवर पोरगी खेळायला पळाली होती. त्या दिवसापासून त्यांनी एकच धरलं. "एकदा तिच्यापुढे उभं राहायचंय. बस्स."

डॉक्टरांनी विमानाला साफ नकार दिला. जहाज चालेल म्हणाले. "पण जायचं तर लवकर जा."

"वादळांचा मोसम संपल्यावर गेलो तर?" काकूंनी विचारलं.

डॉक्टर पेनचं टोपण उघडत-लावत राहिले. "मी असतो तर थांबलो नसतो," एवढंच म्हणाले. काकूंना असं बोलणं कळत होतं. त्या स्वतः रोज तसंच बोलायच्या.

त्या महिन्यात दोन जहाजं त्या बेटाला लागत होती. एक निघाल्यावर तिसऱ्याच दिवशी, दुसरं फेरीच्या शेवटी शेवटी. काकूंनी क्षणभरही विचार न करता दुसरं निवडलं. ग्राहकांना त्या हेच सांगत आल्या होत्या: सुरुवातीला पोट ढवळतं, पाय समुद्राला सरावलेले नसतात, आवडीचं बंदर शेवटी ठेवा. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, आधीचं घे ना. इकडे नंतर पाऊस दाखवतोय."

"अगं, तू पण? तो ढग अख्ख्या दिवसाचा नसतो."

"मला माहितीये. मी इथेच राहते."

"मग? बाबांना जरा समुद्राची सवय होऊ दे. तरतरीत दिसले पाहिजेत की नाही लेकीला?"

मुलीने तारीख लिहून घेतली. आईपुढे हवामानावर कोण बोलणार?

जहाजावर पहिले दिवस सोन्यासारखे गेले. यजमान सगळ्यात आधी कुठे गेले, तर लिफ्ट बघायला. दार बंद होताना होणारा आवाज ऐकून मान डोलावली. "तेल घातलंय वेळेवर." मग दररोज सकाळी डेकवर कठड्याला धरून चालायचे. आधी एक खांब, मग दोन. बेटावर धक्क्यापासून मुलीच्या खोलीपर्यंत थोडा चढ होता, त्याची ही तयारी. खरंच रंग आला होता चेहऱ्यावर. काकूंना वाटलं, आपला सल्ला आपल्यालाच फळला.

आधीचं जहाज बेटाला लागलं त्या दिवशी मुलीने धक्क्यावरून फोटो पाठवला. पाणी ताटात ओतल्यासारखं सपाट होतं. वर काळा ढग होता आणि त्याखाली लोक ओल्या केसांनी हसत होते.

त्याच दिवशी काकूंनी मोबाइलच्या नकाशावर वारा बघितला. बेटाच्या बऱ्याच पलीकडे, मोकळ्या समुद्रावर बाण एका बिंदूभोवती फिरायला लागले होते. अजून नाव-गाव नसलेलं, कुठेही जाऊ शकेल असं काहीतरी. त्यांनी मोबाइल पर्समध्ये टाकला. नक्की नाही ते बोलायचं नाही, ही कचेरीतली पहिली शिकवण होती.

"काय बघत होतीस?" यजमानांनी विचारलं.

"काही नाही. कचेरीतून निरोप."

दोन दिवस त्या एकट्याच ते बाण बघत राहिल्या. दुसऱ्या बाजूला यजमान सामानातून नातीचा फ्रॉक काढून सुरकुत्या पडल्यात का बघायचे आणि परत घडी घालायचे. काकू म्हणायच्या, "अहो, पुरे आता, झिजेल तो."

बेट लागायच्या आदल्या दिवशी सकाळी ते नाश्त्याला बसले असताना यजमानांनी डोळ्यांवर हात धरला. "रोज ऊन पाठीवर यायचं. आज तोंडावर कसं?"

काकूंनी चमचा खाली ठेवला. तेवढ्यात भिंतीवरचा लाउडस्पीकर खरखरला. 'आपल्या सुरक्षिततेसाठी' हे पहिले शब्द ऐकले आणि पुढचं त्यांना पाठ होतं. वादळ बेटाकडे वळलंय, जहाज विरुद्ध दिशेला निघालंय, उद्या दिवसभर समुद्रात, हवा उत्तम राहील, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"म्हणजे परवा जाणार आपण तिकडे?" यजमानांनी विचारलं.

"नाही."

"परत येताना?"

"नाही हो. ते बंदर गेलं."

त्यांनी पावाचा तुकडा उचलला, परत बशीत ठेवला. "तुला आधी कळलं होतं," ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

"कळलं नव्हतं. शंका होती."

"आधीचं जहाज घेतलं असतं तर?"

काकूंना हजार उत्तरं येत होती. इतकी वर्षं त्यांचं पोट त्यावरच चाललं होतं. त्यातलं एकही इथे चालण्यासारखं नव्हतं. "घ्यायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

मुलीशी कसंबसं बोलणं झालं. मागे हातोड्याचे ठोके ऐकू येत होते. जावई खिडक्यांना फळ्या ठोकत होता. "आई, आमची काळजी करू नका, हॉटेलच्या तळघरात हलवणारेत सगळ्यांना. बाबांना दे." बाबांना दिलं. ते "हो," "बरं," "सांभाळा," असं म्हणत राहिले. मग नात आली असावी, कारण त्यांचा आवाज मऊ झाला. "नाही बाळा, बोट चुकली नाही. बोटच दुसरीकडे गेली." त्यानंतर आवाज तुटला आणि पुन्हा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी आकाश धुऊन वाळत घातल्यासारखं निळं होतं. भली मोठी टोपी घातलेला एक गृहस्थ काकूंचा आवाज ऐकून थबकला.

"तुम्ही त्या फोनवरच्या का हो? मी सात वेळा डोकं खाल्लं होतं तुमचं." त्याने बायकोला हाक मारली. "अगं, ह्याच त्या. मॅडम, तुमचा शब्द खरा ठरला. पूर्ण सहलीत थेंब नाही. एक बेट गेलं, पण तुम्ही म्हणालाच होता, सगळी सारखीच."

"हो," काकू म्हणाल्या. "म्हणाले होते."

तो निघून गेल्यावर यजमान म्हणाले, "भला माणूस आहे." त्यात टोमणा नव्हता, हेच काकूंना जास्त लागलं.

त्या दिवशी ते कठडा धरून चालले नाहीत. आता चढ कसला चढायचा? खुर्चीत बसल्या बसल्याच त्यांना धाप लागत होती. संध्याकाळी लोक सूर्यास्ताचे फोटो काढायला एका बाजूला गर्दी करू लागले तसे ते म्हणाले, "मला पलीकडच्या बाजूला ने."

"तिकडे काही नाहीये."

"बेट तिकडेच ना?"

काकूंनी त्यांना हाताला धरून पलीकडे नेलं. खुर्ची ओढून कठड्याला लावली. तिकडे डेक रिकामा होता. खूप दूर, पाणी जिथे संपत होतं तिथे, राखाडी ढगांची एक जाड पट्टी होती. तिच्या पोटात मधूनच वीज उजळायची, पण आवाज इथवर पोचत नव्हता.

"तेच का?"

"तेच."

"छोटीला आत्ता भीती वाटत असेल?"

काकूंना सांगता आलं असतं की तळघर पक्कं असतं, वादळ रात्रीत पुढे सरकतं, उद्या ऊन पडेल. त्यांनी यजमानांच्या गुडघ्यांवर शाल टाकली. "वाटत असेल," त्या म्हणाल्या.

"पुन्हा यायला जमेल आपल्याला?"

"नाही जमणार."

त्यांनी मान हलवली. जहाज त्या पट्टीपासून लांब लांब चाललं होतं. ती बारीक होत दोरीएवढी झाली तशी काकूंनी दुसरी खुर्ची ओढली आणि पट्टी दिसेनाशी होईपर्यंत दोघं बघत बसले.