आयर्विनला किती फूट, मिसिसिपीला किती फूट

खरं सांगायचं तर न्यू ऑर्लिन्सला मी फिरायला गेलेच नव्हते. आईचं मन वळवायला गेले होते. त्यामुळे या पोस्टमध्ये जॅझ, नाइटलाइफ आणि दहा बेस्ट रेस्टॉरंट्स शोधायला आला असाल तर आत्ताच सांगते, दुसरीकडे बघा. मी आधीच दमलेली होते, परत आले तेव्हा आणखी दमलेली होते, आणि मधले तीन दिवस गाडी मीच चालवली.

बाबा गेल्यापासून सांगलीच्या घरात आई एकटीच असायची. मी एकुलती एक, इकडे अमेरिकेत, फ्रिस्कोत. आमचं घर कृष्णेपासून जवळ, बाबांनी नोकरीत असताना बांधलेलं साधं बैठं घर. दोन महापुरांत दोनदा पाणी आत आलं. दुसऱ्या वेळी मी इथे फोन घेऊन बसले होते आणि आई शेजाऱ्यांच्या गच्चीवर. तिचा फोन लागत नव्हता. ती रात्र कशी गेली ते मी आजही धड सांगू शकत नाही. तेव्हाच ठरवलं, घर विकायचं आणि आईला कायमचं इकडे आणायचं. ग्रीन कार्ड झालं, आई हिवाळ्यात आली, घराला गिऱ्हाईकही मिळालं. पाटील म्हणून सांगलीचेच शिक्षक आहेत. त्यांना मेअखेर उत्तर हवं होतं. मी आईला विचारलं की आई म्हणायची, "बघू की."

सांगलीत 'बघू की' म्हणजे नाही. आणि मला काही झालं तरी आणखी एक पावसाळा तिला त्या घरात ठेवायचा नव्हता.

मग डोक्यात आलं, काट्याने काटा काढावा. पाण्यात वसलेलं, पाण्याने उद्ध्वस्त झालेलं जुनं शहर आईला दाखवावं. डोळ्यांनी बघेल, घाबरेल, हो म्हणेल. माझा नवरा मंदार म्हणाला, "तू आईंना फिरवायला नेतेयस की भीती दाखवायला?" मी म्हटलं दोन्ही. त्याच्या ऑफिसात नेमकं त्याच आठवड्यात सॉफ्टवेअरचं रिलीज निघालं, त्यामुळे मेअखेरच्या मेमोरियल डेच्या लाँग वीकेंडला आम्ही तिघीच निघालो. मी, आई आणि माझी सोळा वर्षांची रेवा, जी मागच्या सीटवर हेडफोन घालून बसली ती लुइझियाना लागेपर्यंत बोलली नाही.

रस्ता सोपा आहे. फ्रिस्कोहून खाली येऊन आय-२० पकडायचा, श्रीव्हपोर्टला आय-४९ ने दक्षिणेला वळायचं, लाफायेतला आय-१० वर पूर्वेकडे. थांबे धरून नऊ-साडेनऊ तास लागतात. शाकाहारी असाल तर डबा घ्याच. वाटेत पेट्रोल पंपांवर सॉसेजेसशिवाय फारसं काही मिळत नाही. आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग घेतलं होतं. तिच्या पिशवीत आणखी काहीतरी जड होतं, विचारलं तर म्हणाली, "असू दे."

लाफायेतनंतर दलदलीवरून जाणारा पूल लागतो. संपता संपत नाही. दोन्हीकडे पाणी, पाण्यात उभी झाडं, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारं राखाडी शेवाळ. मी थकलेली, पाठ धरलेली, तरीही काच खाली केली. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढं पाणी, आणि एकसुद्धा घाट नाही गं!"

शहरात शिरलो तेव्हा ऊन कलत होतं. पहिली गोष्ट जाणवली ती खड्डे. जमीन खचते, रस्ता वाकडातिकडा होतो, फुटपाथच्या फरशा ओकच्या मुळांनी उचललेल्या. आमची राहायची सोय फ्रेंच क्वार्टरपासून, म्हणजे शहराच्या सगळ्यात जुन्या भागापासून थोडं खाली, मिस डोरीन नावाच्या सत्तरीच्या बाईंच्या घरी होती. त्या दोन खोल्या भाड्याने देतात. क्वार्टरमधली हॉटेलं नुसत्या पार्किंगचे रोजचे चाळीस-पन्नास डॉलर लावतात, इथे गाडी रस्त्यावर फुकट लागते. घर लांबट, एकामागे एक खोल्या, विटांच्या खांबांवर जमिनीपासून उचललेलं. पिवळा रंग, हिरव्या झडपा, व्हरांड्यात झुलती खुर्ची. डोरीनबाई पहिल्या मिनिटापासून मला 'बेबी' आणि आईला 'मिस शालिनी' म्हणायला लागल्या आणि आई खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्वार्टर. आता सुंदर म्हणजे किती सुंदर, सांगते. लोखंडी जाळीच्या गॅलऱ्या, त्यांतून खाली सुटलेले नेचे, गुलाबी-निळ्या भिंती, आणि प्रत्येक भिंतीला ओल. रंगाचे पोपडे सुटलेत. कुठली इमारत शेजारच्या इमारतीवर रेललीय, कुठल्या दाराची चौकट तिरकी झालीय. माझ्या मनात आलं, हे सगळं अजून उभं आहे हेच नवल. बेन्ये खाल्ले, म्हणजे पिठीसाखरेत बुडवलेल्या फुगीर चौकोनी पुऱ्या. लाइन मोठी असते, सकाळी लवकर जा आणि काळे कपडे घालू नका. आईने एक खाल्ला. "पुरी फुगलीय छान. पण आत पुरण घालायला विसरले." चिकोरीची कॉफी मात्र दोन कप प्यायली.

नंतर नदीकडे निघालो आणि आई रस्त्यातच थांबली. समोर बांध, आणि बांधाच्या वरून एक जहाज चाललेलं. आपल्या डोक्याच्या वर. म्हणजे नदी वर आणि शहर खाली. एखाद्या परातीत गाव वसवावं आणि परातीच्या काठावरून नदी सोडावी, तसं. पाऊस पडला की पाणी आपसूक कुठेही जात नाही, पंपाने उपसून बाहेर टाकावं लागतं. मी संधी साधून हे सगळं आईला समजावलं. पंप बंद पडले तर काय होतं तेही सांगितलं. अगदी रंगवून सांगितलं.

आईने शांतपणे विचारलं, "किती फूट आहे?"

"काय?"

"नदी गं. आज किती फूट?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की आधी 'कसे आहात' विचारत नाहीत, 'आयर्विनला किती?' विचारतात. आयर्विन हा आमचा कृष्णेवरचा जुना पूल, पाण्याची पातळी तिथे मोजतात. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. त्या आकड्यावर अख्खं गाव झोपतं किंवा जागं राहतं. रेवाने फोनवर मिसिसिपीचा आकडा शोधून दिला, चाळीसच्या कितीतरी खाली. आईने मान हलवली. "मग काही भीती नाही."

मी कपाळावर हात मारला.

दुपारी स्ट्रीटकार, म्हणजे तिथली जुनी ट्राम पकडली. दिवसभराचा पास स्वस्त असतो, तो काढाच. लाकडी बाकं, उघड्या खिडक्या, झाडांवर कार्निव्हलच्या मिरवणुकीत उधळलेल्या मण्यांच्या माळा अजून लटकलेल्या. रेवाने हेडफोन काढले, हे मी नोंदवून ठेवते. मग मी दोघींना गाडीने शहराच्या खालच्या भागात नेलं, जिथे कतरिना वादळात बांध फुटून घरं वाहून गेली. काही घरं नवी, उंच खांबांवर बांधलेली आहेत, पण मधे मधे मोकळे प्लॉट. एका प्लॉटवर गवतात नुसत्या सिमेंटच्या तीन पायऱ्या होत्या. पायऱ्या चढलं की पुढे घर नाही, काहीच नाही. आई त्या पायऱ्यांसमोर उभी राहिली. मी वाट बघत होते, आता बोलेल, आता बोलेल. ती म्हणाली, "चल, ऊन लागतंय." माझा सगळा प्लॅन उन्हात वितळला. वैताग आला होता, रडायलाही येत होतं.

संध्याकाळी व्हरांड्यात मात्र गंमत झाली. आईने रेवाला दुभाषी केलं आणि डोरीनबाईंना तोच प्रश्न विचारला, जो कुठलाही सांगलीकर कुठल्याही पूरग्रस्ताला विचारतो. "तुमच्याकडे कुठवर आलं होतं?"

रेवाने कसंबसं विचारलं, "आजी wants to know, the पाणी... I mean, water... like, how high?"

डोरीनबाई उठल्या आणि दाराच्या चौकटीवर, आपल्या डोक्यापेक्षा वर हात टेकवला. आईने मान डोलावली, "माझ्याकडे स्वयंपाकाच्या ओट्याच्या वर आलंतं." आणि छातीशी हात धरला. मग दोघी सुरू झाल्या. चिखल किती दिवस काढला, वास कसा जात नाही, फ्रिज कसा तरंगला, फोटो कसे वाळवले. मध्येच दोघी खो-खो हसायला लागल्या. रेवा भाषांतर करून करून थकली. मी बाजूला बसून बघत होते. आईला इतकं बोलताना मी फ्रिस्कोत एकदाही पाहिलं नव्हतं.

शेवटचा उपाय म्हणून मीच विचारलं, "तुमची मुलं म्हणत नाहीत, हे सोडून या?"

"मुलगा आहे अटलांटात, बेबी. दरवर्षी म्हणतो." त्यांनी पायाने खुर्चीला झोका दिला. "यंदा मी हो म्हटलंय. जून संपायच्या आत, मोठी वादळं यायच्या आधी जाणार."

रेवाने सांगितलं तशी आई त्यांच्याकडे वळून बसली. मग म्हणाली, "का हो? पाण्याला भ्यायलात होय?"

डोरीनबाई हसल्या. "पाण्याशी मी आयुष्यभर जुळवून घेतलं. पण समोरचं घर रिकामं, शेजारचं पर्यटकांना भाड्याने. पूर्वी वादळ आलं की अख्खी गल्ली एकमेकांची दारं वाजवायची. आता माझं दार वाजवायला कोणी नाही, आणि मी वाजवावं असंही दार नाही."

मला हवं होतं ते अगदी तसंच झालं होतं. आणि मला अजिबात बरं वाटलं नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी पिशवीतली ती जड वस्तू बाहेर आली. फ्रिस्कोच्या इंडियन स्टोअरमधून आणलेला नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू. मिसिसिपीची ओटी भरायची होती! आमच्याकडे कृष्णामाईची ओटी भरतात, अगदी पुराचं पाणी उंबऱ्याशी आलं तरी. मी म्हटलं, "आई, इथे चालतं का माहीत नाही, कोणी हटकेल." तर आई म्हणाली, "नदीला कोण हटकणार?" निघताना बघते तर व्हरांड्यातल्या फळीवर डोरीनबाईंचा एक सोनेरी चमकी लावलेला नारळ होता, त्यालाही ठसठशीत हळदकुंकू! आईला वाटलं, यांचा पूजेचा नारळ. प्रत्यक्षात तो कार्निव्हलच्या मिरवणुकीत मिळालेला मानाचा नारळ, म्हणे लोक त्यासाठी जीव टाकतात. मी शरमेने माफी मागायला लागले. डोरीनबाईंनी नारळ दोन्ही हातांनी उचलला, न्याहाळला आणि म्हणाल्या, "हा आता असाच अटलांटाला येणार."

त्याही आमच्याबरोबर नदीवर आल्या. क्वार्टरमधल्या मोठ्या चौकासमोर बांधावरून पायऱ्या पाण्यात उतरतात. म्हणजे घाट होताच की! जपून उतरा, शेवटच्या पायऱ्या निसरड्या आहेत. मी आईला मागून धरलं आणि तिने ओंजळ सोडली. नारळ तपकिरी पाण्यात दोन गटांगळ्या खाऊन समुद्राकडे निघाला. खण मी परत पिशवीत ठेवायला लावला, पाण्यात कापड नको म्हणून. आईने तो डोरीनबाईंच्या हातात दिला.

परतीच्या वाटेवर, त्याच लांबलचक पुलावर, आई समोर बघत म्हणाली, "पाटलांना हो सांग."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. "नक्की?"

"मी पाण्याला भ्यायले नाही हं, तुला वाटेल. पण पूर येतो तेव्हा माणसं लागतात. शेजारचे जोशी पुण्याला गेले लेकाकडे, समोरच्या काकू गेल्या वर्षी वारल्या. गच्ची कुणाची मागायची?"

मागून रेवाने आजीच्या खांद्यावर हात ठेवला. 

घरी येऊन बॅगा तशाच टाकल्या आणि पाटलांना फोन लावला. मी हो म्हणायच्या आत आईने फोन हिसकला. "हे बघा, पाणी दारातनं येत नाही. आधी न्हाणीच्या मोरीतनं येतं. मोरी उकळायला लागली की समजायचं, निघायची वेळ झाली. आणि गॅस सिलेंडर आधी वर चढवायचा." मी खुणा करत होते, अगं आई, व्यवहार मोडशील! पलीकडून पाटील म्हणाले, "काकू, आमच्या भाड्याच्या घरात पंख्याला टेकलंतं पाणी. तुमचं त्यामानानं उंचावर आहे. तुम्ही सांगलीला आलात की उतरायचं ते आमच्याकडेच." आई बराच वेळ "हो, हो" करत राहिली. मग फोन माझ्या हातात दिला आणि डबे घासायला गेली. मी सिंकपाशी जाऊन तिच्या पाठीला डोकं टेकवून रडले. घर माझंही होतं, हे तोपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

न्यू ऑर्लिन्सला जायचं का असं विचाराल तर जा. जूनच्या आत जा, डबा न्या, चांगले बूट घाला. आणि कुणाच्या तरी व्हरांड्यात बसायला वेळ ठेवा.

आता जुलै चाललाय. सांगलीत आमचं घर नाही, डोरीनबाई अटलांटात आहेत. तरी रोज सकाळी चहाआधी आई स्वयंपाकघरातून विचारते, "आयर्विनला किती?" मी फोन बघून सांगते. मग ती विचारते, "आणि डोरीनच्या नदीला?"

काल मी मीटिंगमध्ये होते. वरच्या खोलीतून रेवाच ओरडली, "आजी, दोन्ही नद्या okay आहेत! चहा घे!"