रिक्षातला आवाज

देवळाली प्रवरात मी पॉडकास्ट सुरू केला तेव्हा माझ्याकडे एक साधा माईक, मुलीचा जुना लॅपटॉप आणि गोधड्यांनी भरलेलं एक कपाट होतं. कपाटाची दारं उघडी टाकून गोधड्यांकडे तोंड करून बसलं की आवाज घुमत नाही, हे पहिल्याच महिन्यात कळलं. पंखा बंद ठेवायचा, माईक तोंडापासून वीतभर लांब धरायचा. उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जायचे, ते पुढे गेले की बोलायचं. संपत चाललेली कामं करणाऱ्या माणसांना बोलतं करायचं, एवढाच माझा विषय होता.

मूळ रेकॉर्डिंग कधीही पुसायचं नाही, हा नियम मात्र मी पहिल्यापासून पाळला. कापून-जोडून भाग तयार झाला तरी मूळ जसंच्या तसं दोन ठिकाणी ठेवायचं. नव्यानं पॉडकास्ट करणाऱ्या प्रत्येकाला मी आजही हेच सांगते. 

माझे सातवे पाहुणे होते गावात रिक्षावर भोंगा लावून फिरणारे काका. आयुष्यभर त्यांनी हेच केलं. कुस्त्यांचा आखाडा, लसीकरण, नळाला पाणी येणार नाही, सगळं त्यांच्या तोंडून गावाला कळायचं. पण लोक त्यांना ओळखायचे ते मयतीच्या बातमीसाठी. रिक्षा कोपऱ्यावर हळू झाली की बायका नळ बंद करून दारात यायच्या. कोण गेलं ते ऐकायला.

त्यांच्या घरी बसून मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं. मी म्हणाले, "काका, ती बातमी कशी सांगता, जरा म्हणून दाखवा ना."

"नाव कुनाचं घेऊ?" त्यांनी विचारलं. "जित्या मानसाचं घ्यायचं म्हंजी वंगाळ. माझंच घेतो."

आणि त्यांनी खरंच घेतलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, सगळं. "कळविण्यास अत्यंत दुःख होते की..." तेवढ्यापुरती त्यांची भाषा एकदम पुस्तकी झाली. आज सकाळी अल्पशा आजाराने दुःखद निधन. अंत्यविधी आज दुपारी ठीक चार वाजता अमरधाम येथे. आवाज जरासुद्धा हलला नाही. 

आतून काकू ओरडत आल्या, "आवं, असलं अभद्र काय बोलताय? पोरी, ते पुस आधी. माझ्यादेखत पुस."

मी मोबाईलवर काहीतरी दाबल्यासारखं केलं आणि म्हणाले, "पुसलं, काकू."

पुसलं नव्हतं. प्रसारित केलेल्या भागात ते घेतलं नाही, एवढंच केलं. भागाची सुरुवात त्यांच्या एका मजेदार वाक्यानं केली, कारण पहिल्या अर्ध्या मिनिटात ऐकणारा टिकला तर टिकतो. दर गुरुवारी सकाळी टाकायचं हे ठरलेलं, तसं टाकलं. गावातल्या ग्रुपांवर लिंक पाठवली. ओळखीच्यांनी ऐकलं, कौतुक केलं, विषय संपला.

पाऊस उघडल्यावर एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. काका पहाटे गेले होते. झोपेतच.

"ताई," तो म्हणाला, "गावात सांगायचंय. पर ते काम करनारं दुसरं कुनी न्हाईच. मीच बोलायला बसलो रिक्षात, तर तोंडातून शब्द फुटंना. तुमच्याकडं त्यांचा आवाज हाय ना? त्या दिवशी म्हनले हुते ते. मला सांगितलं हुतं त्यांनी."

मी म्हणाले, "आहे. पण काकूंना मी पुसलं म्हणून सांगितलंय."

त्यांच्या घरी गेले. अंगणात बायका जमल्या होत्या. काकूंच्या शेजारी बसून मी खरं ते सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लाव," त्या म्हणाल्या.

लावलं.  शेवटी काका 'ठीक चार वाजता' म्हणतात तिथे काकूंनी डोळे मिटले. मुलगा म्हणाला, "आई, आपन तीन वाजता ठरवलं हुतं."

"चारच ठेवा," काकू म्हणाल्या. "त्यांनी गावाला चार सांगितलंय."

रिक्षा निघाली. मी पेठेच्या तोंडाशी उभी होते. भोंग्यातून काका गेल्याचं काका स्वतःच सांगत होते. भाजीवाली हातातला तराजू तसाच धरून उभी राहिली. एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून म्हणाले, "हा तर त्योच बोलतोय." रिक्षा वळली तरी आवाज येत राहिला, भिंतींवरून परत येऊन, जरा उशिरा. तो परत आलेला आवाज मला अजून ऐकू येतो. दुपारी भांडी घासताना येतो, मग मी नळ बंद करते.

कुणीतरी ते मोबाईलवर चित्रित केलं आणि ते पसरलं. वर्षभर धडपडून जमले नव्हते तेवढे ऐकणारे दोन दिवसांत आले. अनोळखी माणसं निरोप पाठवू लागली, माझ्या वडिलांचा आवाज आहे, आईचा आहे, असाच भाग करून द्या. सोबत फाइली. मी त्या उघडल्या नाहीत. पुसल्याही नाहीत. त्या लॅपटॉपजवळ बसलं की खोलीत माणसं दाटल्यासारखी वाटायची. तीन-चार महिने मी काहीच टाकलं नाही. एकदा काकूंकडे जाऊन विचारलं, मूळ रेकॉर्डिंग तुमच्याकडे देऊ का? त्या म्हणाल्या, "न्हाई बाई. घरात एकदा बोलले तेवढं पुरं झालं."

मग अकोले तालुक्यातल्या एका भात लावणाऱ्या आजींचा फोन आला. नातसुनेनं लावून दिला होता. "मी अजून धडधाकट हाय," त्या म्हणाल्या. "बोलायचं ते आत्ताच बोलते. येतीस का?"

एसटीनं आणि पुढे जीपनं गेले. ओसरीवर माईक लावण्याआधी मी त्यांना विचारलं, "आजी, तुमच्या माघारी या आवाजाचं काय करायचं?"

त्यांनी थोडा विचार केला. "माझ्या लेकीला दे. दुसऱ्या कुनाला न्हाई."

मी ते वहीत लिहून घेतलं, त्यांचा अंगठा घेतला आणि मग रेकॉर्डिंग चालू केलं.